दोन आकड्यांच्या मधलं पाणी

डोंबिवली, ९ सप्टेंबर १९५६

श्रीपाद,

पत्राच्या माथ्यावर 'चिरंजीव' लिहायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही हे ठरवता येईना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तीन भाऊबिजांना तुला पत्रं घातली, एकाचंही उत्तर आलं नाही. तू ती फोडलीस की नाही तेही मला माहीत नाही. हे मात्र फोड. यात मी तुझी खुशाली विचारणार नाही.

वेहेळखारच्या बांधावर पाणी आलं. तीनदा आलं. तुझ्या पेटीच्या काचेवरच्या हिरव्या रेघेला तीन उंचवटे होते, तसंच.

मला क्रमाने लिहू दे, नाहीतर डोकं ताळ्यावर येणार नाही. शुक्रवारी दुपारी ठाण्याच्या कचेरीत एक बाई आली, हौसाबाई नाव. कोपरीहून खाडीकाठाने तासभर चाललं की तिचं गाव. बांधाला लागूनच तिचं शेत. साहेबांसाठी अंबाडीची जुडी आणली होती, ती टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, बुधवारच्या उधाणाला पानी बांधाच्या डोक्याशी आलं. चार बोटां राहिली होती."

साहेबांनी भरतीचं रजिस्टर मागवलं. "एक वाजता अकरा फूट चार इंच. दोन वाजता अकरा फूट दोन. बांध तेरा फुटांचा आहे, बाई. कुठे आलं पाणी?"

"तुमचा मानूस तासाचे ठोक्याला येतो, पट्टी बघतो नि सावलीला जातो. पानी काय त्याची वाट बघत थांबतंय?"

सगळे हसले. साहेबही हसले. "मग कधी आलं म्हणता?"

"एकदा नाय, तीनदा आलं. आलं, बांधाला टक्कर दिली, मागं फिरलं. मी म्हटलं, गेलं बाबा. भात नि कालवण होईस्तवर परत. साडेबाराला, दीडला, अडीचला. शाळंची घंटा हाय ना गावात, मना टायम कळतो."

"वा! म्हणजे उद्यापासून रजिस्टर तुमच्या चुलीवरच ठेवायला हवं," साहेब म्हणाले.

पुन्हा सगळे हसले. माझा हात आकड्यांच्या यंत्राच्या दांड्यावर होता, तो पुढे जाईना. शेजारच्या टेबलावरची शीला म्हणाली, "बाई, बरं वाटत नाही का? पांढऱ्या पडलात." साडेबारा, दीड, अडीच. आणि आम्ही बघतो एकला, दोनला, तीनला. बांधाची उंची ज्यावरून ठरली तो माझा तक्ताही तसाच, तासातासाचा. सात दशांश स्थळांपर्यंत बिनचूक, आणि सगळा दोन लाटांच्या मधल्या खळग्यांचा.

सर्वपित्री अमावास्या ४ ऑक्टोबरला आहे. दुसऱ्या दिवशीचं उधाण वर्षातलं सर्वांत मोठं, बुधवारच्यापेक्षा फूटभर तरी चढं. बांधाखाली अठरा घरं आहेत आणि भात पोटरीला आलं आहे. साहेबांपुढे ठेवायला माझ्याकडे एका बाईच्या बोलण्याखेरीज काही नाही.

तीन वर्षांपूर्वी साहेबांपुढे पेटी मांडलीस, त्या दिवशी तू काचेवर ट्रेसिंगचा कागद धरून ती रेघ पेन्सिलीने गिरवली होतीस. तो कागद तुझ्याकडे असेल तर पाठव. मला नाही, वेहेळखारला पाठव असं समज.

अक्का


१५ सप्टेंबर

श्रीपाद,

उत्तर नाही. कलकत्त्याला टपाल तीन दिवसांत पोचतं, पण मी काही म्हणत नाही.

काल कोठारात जाऊन तुझी पेटी शोधली. जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली होती. कल्याण कॅम्पातल्या लष्करी लिलावातून तू आणलेली ती गोल काच शाबूत आहे. आत मुंग्यांनी वारूळ केलं आहे आणि कंडेन्सर फुगून फुटले आहेत. पेटी चालणार नाही. माझ्याच्याने तर नाहीच.

ती काय करायची हे मला तेव्हा समजलं नव्हतं असं तुला वाटत असेल. समजलं होतं. ठाकुर्लीच्या वीजघरात उमेदवारी करून आलास तेव्हापासून तू जेवताना हेच सांगायचास. खाडीचे आठ तुकडे, प्रत्येकाला एक कॉइल आणि एक कंडेन्सर. धावतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं, तशी कॉइल. पाणी साठवणारं खाडीचं पोट, तसा कंडेन्सर. भरती चढते तशी वीज एका टोकाने आत सोडायची, की दुसऱ्या टोकाला बांधाशी पाणी काय करील ते काचेवर उमटायचं. बारा तासांची भरती डोळ्याचं पातं लवायच्या आत. "अक्का, माझी पेटी मोजत नाही, ती खाडीसारखी वागते," असं म्हणायचास. आणि मी म्हणायचे, "वागण्याचं काय सांगतोस, वागायला तर तूही घरात शहाण्यासारखा वागतोस."

माझं यंत्र वागत नाही. ते फक्त मोजतं. त्याला 'पाणी सतत वाहतं' हे सांगायची सोयच नाही. वेळेचे तुकडे पाडायचे, एका तुकड्याच्या शेवटाला पाणी कुठे असेल ते काढायचं, तिथून पुढच्या तुकड्यावर उडी. मधे काय झालं ते यंत्राला ठाऊक नसतं, मलाही नसतं. पण जिथे पाऊल पडतं तिथलं उत्तर पक्कं, आणि ते कोणीही पुन्हा करून बघावं. आमच्या कचेरीत तीच पद्धत. मी एकदा काढायचं, शीलाने न बघता दुसऱ्यांदा काढायचं, जुळलं की बरोबरची खूण. आमचं जुळलं होतं रे. दोघींची पावलं एकाच खळग्यात पडत होती, न जुळून सांगते कुणाला!

आणि तुझी पेटीही काही साधुसंत नव्हती. जून उजाडला की ती रेघ ओलसर दोरीसारखी लोंबायची. तू आत दिवा लावून ती वाळवायचास. एक दिवस खाडीचं तोंड समुद्रापेक्षा उंच दाखवलं होतंन् तिने. शेकडा पाच-सात इकडेतिकडे व्हायचंच. हे विसरू नकोस. साहेबांपुढे तू पेटी मांडलीस, ते म्हणाले, "वासंतीबाई, तुमचं काय म्हणणं?" आणि मी म्हणाले, "रेघ थरथरते, साहेब. माझ्या आकड्यांत असा उंचवटा कुठेच नाही." तेव्हा ते निव्वळ बहिणीचं वैर नव्हतं. साहेब म्हणाले, "रेडिओत खाडी कशी मावेल हो?" आणि ड्रॉइंगच्या टेबलापाशी बसलेलेसुद्धा हसले. तू कोणाकडे न बघता तारा काढत होतास, तो तुझा वाकलेला मानेचा काटा मला अजून दिसतो. महिन्याच्या आत तू राजीनामा दिलास.

तेव्हा मला ठाऊक असतं तर मी तसं बोलले नसते.

आता मी दहा-दहा मिनिटांच्या पावलांनी पुन्हा मोजते आहे. एका तासाच्या जागी सहा घरं, प्रत्येक घरात खाडीचे आठ तुकडे, प्रत्येक तुकड्याला दांड्याचे चाळीस-पन्नास फेरे. कचेरी उघडायच्या आधी दीड तास आणि जेवणाच्या सुट्टीत. दुसरी प्रत शीला करते. काल म्हणाली, "बाई, माझं लग्न मार्गशीर्षात आहे. तोवर होईल ना?"

"अगं, तू दांडा फिरव."

"दंड बघा माझा. सासरचे म्हणतील तालमीत वाढलेली दिसते."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

अक्का


२३ सप्टेंबर

श्रीपाद,

झालं. काल दुपारी. तीन उंचवटे आले.

तुझ्या पेटीने पातं लवायच्या आत दाखवलं ते काढायला आम्हा दोघींना बारा दिवस लागले, पण आलं. तीच खाडी, तेच यंत्र, तीच मी. फक्त पाऊल लहान केलं. बाराला खळगा, साडेबाराला चढ; एकला खळगा, दीडला त्याहून मोठा चढ; अडीचला जरा कमी. बांध घातल्याने खाडीच्या त्या फाट्याचं तोंड बंद झालं आहे. पाणी आपटून परततं, समुद्राकडून येणाऱ्या भरतीला भेटतं आणि दोघं मिळून फिरून येतात. ५ ऑक्टोबरला सर्वांत उंच चौदा फूट दोन इंच. बांध तेरा.

शीलाच्या प्रतीवर मी बरोबरची शेवटची खूण केली. ती म्हणाली, "बाई, आपण जिंकलो ना? मग रडता कशाला?"

साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून सगळं नीट पाहिलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "त्रेपन्नच्या तक्त्यावरही तुमचीच सही आहे. आता हे खरं म्हणता. मी वर काय सांगू, आमची बाई तीन वर्षांनी जागी झाली? तेव्हा काय चुकलं ते लिहून द्या. कारण कळल्याशिवाय मी एक टोपली माती हलवू शकत नाही."

कारण.

गेल्या पत्रात मी लिहिलं, मला ठाऊक असतं तर. ते खोटं आहे. तुला लिहिलेल्या पत्रात मी खोटं लिहिलं आणि टपालपेटीत टाकून आले.

साहेबांकडून आले आणि कच्च्या कागदांचं जुनं बासन सोडलं. तो कागद तिथेच होता. तू पेटी मांडायच्या आदल्या दिवशी म्हणाला होतास, "अक्का, साहेबांना नको सांगूस, पण एकदा अर्ध्या अर्ध्या तासाने करून बघ." आणि मी केलं होतं, श्रीपाद. बारापासून दोनपर्यंत, चार घरं. साडेबाराच्या घरात तेरा फूट आठ. एकला अकरा. दीडला पुन्हा चौदाच्या जवळ. कचेरीची रीत तुला ठाऊक आहे. एखादा आकडा शेजाऱ्यांपेक्षा फार वर गेला की तो 'उडाला' म्हणायचा, तांबड्या शाईने गाळायचा आणि वळण सारखं करायचं. माझ्याच अक्षरात दोन्ही घरांवर फुली आहे आणि बाजूला 'उडाला'. दोनदा लिहिलं आहे. एकाआड एक दोन आकडे एकाच तऱ्हेने उडत नाहीत, हे आठवीतल्या मुलालाही कळेल.

मी तो हिशेब पुन्हा करून पाहिला नाही. तक्ता टाइप झाला होता, सही झाली होती, आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'कॉम्प्युटर (कायम)' असं त्याच आठवड्यात लिहिलं जायचं होतं. कायम या शब्दासाठी मी अकरा वर्षं थांबले होते. आपले दादा गेले आणि घर माझ्यावर आलं, तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी तुझ्या काचेवर ती रेघ उठली तेव्हा मी दचकले. मला ती ओळखू आली. त्याच जागी, तेवढीच. आणि ओळखूनही मी म्हणाले, "असा उंचवटा कुठेच नाही."

जाताना दारात तू विचारलंस, "अक्का, एकदा तरी करून पाहिलंस का?" मी म्हणाले, "वेळ नाही झाला रे."

तो कागद आता माझ्यासमोर आहे. मला वाटत होतं की मी तो विसरले होते. मी विसरले नव्हते. फाडलाही नव्हता. माणूस स्वतःपासून किती वर्षं एखादी गोष्ट बासनात बांधून ठेवू शकतं, हे बघून मला माझीच भीती वाटते आहे.

उद्या साहेबांना लिहून देणार आहे. कागदासकट.

अक्का


१ ऑक्टोबर

श्रीपाद,

तुझं पाकीट पोचलं. आत पत्र नव्हतं, नुसता ट्रेसिंगचा कागद, कडेला तुझ्या बारीक अक्षरात माप. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. असो. कागद आला हे पुष्कळ झालं.

५ तारखेच्या भरतीच्या प्रमाणात माप लावून पाहिलं. तुझ्या रेघेने पाणी चौदा फूट नऊ इंच येतं. माझ्या आकड्यांनी चौदा फूट दोन. सात इंचांचा फरक.

साहेबांनी माझं लिखाण वाचून खणात घातलं आणि खणाला कुलूप लावलं. म्हणाले, "बाई, हे वर गेलं तर बांधाचं सगळं काम पुन्हा तपासणीला येईल, आणि पत्राचं उत्तर यायला पौष उजाडेल. तुम्ही मात्र आजपासून येऊ नका. माझा नाइलाज आहे." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "गावकऱ्यांनी आपणहून बांधावर चार टोपल्या टाकल्या, तर मला ठाण्यात बसून थोडंच दिसतं?"

तिथून थेट वेहेळखार. हौसाबाई, तिचे म्हातारे सासरे धोंडीबा आणि पाच-पंचवीस माणसं बांधावरच जमली. मी सगळं सांगितलं. तक्ता माझा होता हेही सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "मंग आता आलीस कशाला, भात मोजाया?" हौसाबाईने त्याला गप्प केलं. "तोंड नंतर वाजव. बाय, किती उंच टाकायचं तेवढं बोल."

माझ्या एका हातात माझा कागद होता, दुसऱ्यात तुझा. चार दिवस, तीस माणसं, खाडीतला चिखल आणि पेंढा. सव्वा फूट म्हटलं तर बांध रुंद आणि भक्कम होईल, दम घेत काम होईल. दोन फूट म्हटलं तर उंच होईल, पण अरुंद आणि ओला. माझे आकडे दोन वेळा जुळवलेले होते. तुझी रेघ तीन वर्षांपूर्वीची, पेन्सिलीची, आणि शेकडा पाच-सात इकडेतिकडे होणाऱ्या पेटीची. आयुष्यभर मी ज्यावर विश्वास ठेवला ते एक सांगत होतं.

"दोन फूट," मी म्हणाले.

धोंडीबा म्हणाले, "आनि किती येळा येनार?"

"तीनदा. साडेबारा, दीड, अडीच. तिसरं गेलं की भीती नाही."

त्यांनी तिथेच धोतर खोचलं. उद्या मीही टोपली घेणार आहे. हौसाबाई म्हणाली, "तुला काय जमनार? तू आपली लाटा मोज."

अक्का


७ ऑक्टोबर

श्रीपाद,

टोपल्या वाहून हात नीट चालत नाही, अक्षर लावून घे. मला अजून खरं वाटत नाही.

परवा बारापासून आम्ही बांधावर होतो. खालची अठराही घरं रिकामी केली होती. बायकामुलं, शेरडं, बोचकी, सगळं शाळेच्या पटांगणात. मी पट्टीपाशी. साडेबाराला पाणी आलं. घंटेवर आलं. पुढे गेलेलं पाणी मागे वळून आपल्याकडे येताना बघणं म्हणजे काय, ते मी कोणत्याही तक्त्यात वाचलं नव्हतं. तेरा फूट दहा. जुना बांध कधीच बुडाला होता, आमच्या पायाखाली चार दिवसांचा चिखल. दीडला चौदा फूट पाच.

चौदा फूट पाच. तुझंही नाही, माझंही नाही. माझा सव्वा फूट धरला असता तर त्याच क्षणी पाणी वरून गेलं असतं. तुझ्या नऊ इंचांनी गाव वाचवलं, आणि तुझे नऊ इंचही चूकच होते. मला वाटलं हे तुला लगेच कळवावं, तू खूप हसशील.

अडीचला तिसरं. चौदा फूट. गेलं.

माणसांनी आरोळी ठोकली. कोणी मला खांद्यावर घ्यायला निघालं, हौसाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. भाकऱ्या सुटल्या. तीन वाजता कचेरीच्या रखवालदाराने पट्टी बघून रजिस्टरात आकडा मांडला. धोंडीबा म्हणाले, "मी जरा पडतो," आणि आपल्या घरी जाऊन बाजेवर आडवे झाले. मी त्यांना अडवलं नाही. मी कशाला अडवीन? मीच सांगितलं होतं, तिसरं गेलं की भीती नाही.

साडेतीनला चौथं आलं.

ते उंच नव्हतं. तेरा फूट आठ. वरून गेलं नसतंच. पण तीन वेळा भिजलेला चिखल, आणि बांधावर एकही माणूस नाही. हौसाबाईच्या शेतासमोर पाच-सहा हातांचा तुकडा आवाजसुद्धा न करता बसला. आम्ही पाण्याचा लोट पाहिला तोवर तो शेतात होता. चार शेतं गेली. दोन घरांच्या कुडाच्या भिंती गेल्या. धोंडीबांना चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, ते बाजेवर उठून बसले होते आणि शिव्या देत होते. ते जिवंत आहेत. सगळे जिवंत आहेत. हे तीनदा लिहावंसं वाटतं.

घरी येऊन मी कागद काढले. माझा हिशेब तीन वाजता संपतो. उंचवटा उतरायला लागला, आम्ही दोघी दमलो होतो, शीला म्हणाली, "पुरे ना बाई?" आणि मी म्हणाले, "पुरे." तुझी रेघ तीनच्या जरा पुढे काचेच्या कडेला संपते. काचेपलीकडे ती पुढे गेली असणारच. आपण दोघांनी ती तिथे सोडली. तू काच संपली म्हणून, मी हात दुखले म्हणून. वर्तमानपत्रात वाचलं, तुझ्या कलकत्त्यात विलायतेहून विजेचं आकडेयंत्र आलं आहे, आमच्या बारा दिवसांचं काम ते चहा होईस्तोवर करील. करील बापडं. पाऊल केवढं टाकायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यालाही कोणीतरी सांगणारच ना? मला त्या माणसाची काळजी वाटते.

काल पुन्हा वेहेळखारला गेले. शिव्या खायला गेले होते. हौसाबाई गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून आडवं झालेलं भात गोळा करत होती. मी बांधावरच थांबले. तीच म्हणाली, "तू तीन बोललीस. चवथं आमी बघाया पायजे होतं. पानी आमचं हाय, बाय, कागद तुझे." मग कंबर सरळ करून म्हणाली, "आता परत कवा?"

परत २ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाची अमावास्या. बांध तोवर बुजवतील, पण तो आणखी ओला असेल. माझ्याकडे यंत्र नाही, लॉगच्या तक्त्यांवर हाताने मोजते आहे, आणि या वेळी पाणी शांत होईपर्यंत मोजणार आहे, मग कितीही लाटा निघोत. पण माझ्या एकटीच्या मोजण्यावर मी पुन्हा अठरा घरं ठेवणार नाही. ते माझ्याच्याने होणार नाही.

क्षमा मागायला हे पत्र नाही. ती मागून मिळायची असेल तर सावकाश मिळेल, न मिळाली तर मी समजून आहे. माझ्याशी बोलायला नको असेल तर बोलू नकोस. ठाण्याला उतर आणि डोंबिवलीला न येता कोपरीवरून थेट वेहेळखारला जा. गावात हौसाबाईचं घर कोणीही दाखवील. तिथे पट्टीपाशी उभं राहून, माझा आकडा ऐकून, "अक्का, हे चूक आहे" असं तोंडावर म्हणणारं एक माणूस हवं आहे.

वासंती